काळ्या बाजूची चक्की

वाशी,
२० सप्टेंबर १९८३

प्रिय वैजू,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे आपल्या लहरीप्रमाणे चालतात. तू वेळेवर जेवतेस ना? विहीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि जयप्रकाशरावांना आशीर्वाद.

माझ्या आधीच्या पत्रांना तुझं उत्तर नाही, पण ही तक्रार नाही. जयप्रकाशरावांचं कार्ड मात्र आलं. लिहितात, तू दिवसभर खिडकीशी बसलेली असतेस, विचारलं तेवढ्यापुरतं बोलतेस, आणि कॉलेजची रजा दिवाळीपर्यंतच आहे. दुसऱ्या सत्राला रुजू झाली नाहीस तर फिजिक्सची ती जागा दुसऱ्या कुणाला देतील म्हणे. खाली लिहिलंय, ‘आई, तुम्हीच तिला काहीतरी लिहा.’

काय लिहू? ‘मन घट्ट कर’ असं तुला सगळेच सांगत असतील. मी आपली माझी बातमी लिहिते.

मी दुकान उघडलं! हसू नकोस. बोटीवरून येताना तुझे बाबा जे काही घेऊन यायचे, त्या पेट्या माळ्यावर किती वर्षं पडून होत्या. तू जुलैत इथून गेलीस आणि घर फार शांत झालं. एक दिवस स्टुलावर चढले आणि एक पेटी खाली ओढली, मग दुसरी. सिडकोच्या मार्केटात गंगारामच्या सायकल दुकानाशेजारचा गाळा रिकामाच होता. गणपतीच्या दिवशी पाटी लावली, ‘कुतूहल’. काही वस्तू विकायच्या, काही नुसत्या दाखवायच्या, आणि एका कपाटात वाचायला न्यायची पुस्तकं. पुस्तकं फोर्टच्या फुटपाथवरून आणते. पूल ओलांडून जायचं आणि पिशवी मांडीवर घेऊन बसने परत यायचं, मजा येते.

गंगारामला काही हे पटत नाही. म्हणतो, “काकू, घरात उपयोगाची अशी एक तरी वस्तू ठेवा. बादली ठेवा, स्टोव्हच्या पिना ठेवा. ह्या बिनकामाच्या गोष्टी घेणार कोण?” मी म्हटलं, “बादली बघायला कोणी थांबतं का रे?” आणि लोक खरंच थांबतात. बेलापूर रोडच्या कंपन्यांमधून सुटलेले कामगार थांबतात, सोसायटीतल्या बायका थांबतात. सगळ्यात जास्त थांबते ती जुईगावची गोजरा. पाटी डोक्यावर घेऊन मासे विकायला येते ना, तीच. पाण्यात चोच बुडवून पुन्हा सरळ होणारा तो काचेचा पक्षी आठवतो? त्याच्यासमोर ती पाटी उतरवून बसली आणि म्हणाली, “बाय, यो बगला नुसता पानीच पितो? मावरा नाय खात?” मी म्हटलं, नाही खात. “मंग कशाला पालला?” म्हणाली आणि हसत उठली. दुसऱ्या दिवशी परत हजर.

वरच्या मजल्यावरच्या मिसेस चुरी एक पुस्तक घेऊन गेल्या. फार वेगाने जाणाऱ्या यानात वेळ हळू चालतो असं त्यात दिलंय. परत आणताना म्हणाल्या, “म्हणजे तरुण राहायचं तर रॉकेटात बसायचं. आमच्या सासूबाईंना कळू देऊ नका हं, रोज तिकीट मागतील.”

आता माझी अडचण. एका पेटीत काचेचा गोळा निघाला, बल्बसारखा. आत सुईवर चार पातळ चकत्यांची चक्की आहे. प्रत्येक चकतीची एक बाजू काळी आणि दुसरी चकचकीत. ऊन पडलं की आपोआप फिरायला लागते! तारा नाहीत, चावी नाही. मी तिला दुकानाच्या तोंडाशी ठेवलंय. येणारा प्रत्येक जण विचारतो, का फिरते? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मुलींचं सायन्स म्हणजे हायजीन. नखं कापा, पाणी उकळा. चक्कीचं कुणी शिकवलंच नाही. खोक्यावर इंग्रजीत लिहिलंय की वारा जसा पवनचक्कीला ढकलतो तसा प्रकाश ह्या चकत्यांना ढकलतो. तेच मी मराठीत करून, पुठ्ठ्यावर लिहून लावलंय. बरोबर आहे ना गं? एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

उन्हात बसत जा. इथे खाडीवरून वारा छान येतो.

तुझी
आई


वाशी,
१८ ऑक्टोबर १९८३

प्रिय वैजू,

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलंय, मोडलं असेल तरी घे. माझी तब्येत चांगली आहे. रात्री खोकला येतो, पण तो दरवर्षीचा पाहुणा.

तुझी एक ओळ अजून आलेली नाही. जयप्रकाशरावांचं आणखी एक कार्ड आलं. प्राचार्य पुन्हा विचारत होते, आणि ‘वैजू अजून काही सांगत नाही’ असं त्यात आहे. मला माहीत आहे की तुला कुणी ढकललेलं आवडत नाही. लहानपणी झोपाळ्यावरसुद्धा ‘मीच घेणार झोका’ म्हणायचीस.

परवाची गंमत सांगते. दसऱ्याला गंगारामने आपला पंप, पाने, हातोड्या पुसून मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. मी लायब्ररीच्या कपाटाला हार घातला आणि चहा घ्यायला घरी आले. परत गेले तर दुकानासमोर ही गर्दी! गोजरा कपाळाला हात लावून पायरीवर बसलेली. झालं होतं असं की बाईंची एवढी सुंदर मशीन पूजेवाचून राहिली म्हणून तिला वाईट वाटलं. मग तिने चक्कीच्या गोळ्याला हळदीकुंकवाचे जाड पट्टे ओढले, झेंडूचा भला मोठा हार गुंडाळला, आणि चक्की थांबली.

“मी काय वायट केला?” ती रडवेली झाली होती. “हार घातला, कुकू लावला. दसऱ्याला सगलीच मशिनीला लावतान नं? आन ही माज्यावरच रुसली!”

गंगाराम म्हणाला, “तुझ्या कोळंबीचा वास आला असेल तिला.”

“तू गप रं, पंक्चरवाल्या!”

मी हार काढला, ओल्या फडक्याने काच पुसली आणि गोळा उन्हात धरला. थोडा वेळ काहीच नाही. मग एक चकती हलली आणि चक्की गरगरायला लागली. गोजराने टाळ्या वाजवल्या, तिच्याबरोबर सगळ्यांनीच. पण तिने मला जे विचारलं ते माझ्या मनातून जात नाही. “बाय, कुकू लावला त चालत नाय, मंग हिला लागतंय तरी काय?”

मी म्हटलं, “उजेड.”

वैजू, मी तुला पत्र लिहिते आणि मूळ गोष्टीभोवती हार गुंडाळत बसते. तू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीस, आणि रिकाम्या हातांनी परत गेलीस. ते झालं त्या सकाळपासून आपण सगळ्यांनी ठरवल्यासारखं केलं की तो विषय काढायचा नाही. डॉक्टर म्हणाले, शेजारणी म्हणाल्या, विहीणबाईंनीही तेच लिहिलं. बोललं की जखम उघडते म्हणे. तू भूल उतरल्यावर डोळे उघडलेस तेव्हा पाळणा खोलीतून हलवलेला होता. एवढंच आज लिहिते. जास्त लिहायला माझाही हात तयार नाही.

चक्कीकडे वळते. मी रोज बघते ना, म्हणून एक गोष्ट लक्षात आली. चक्की फिरताना काळी बाजू मागे मागे पळते आणि चकचकीत बाजू पुढे जाते. म्हणजे धक्का बसतो तो काळ्या बाजूला. खोक्यावर याबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा मी विचार केला आणि पुठ्ठ्यावर खाली माझ्या अक्षरात भर घातली: ‘प्रकाशाला काळा रंग आवडत नाही, म्हणून तो काळ्या बाजूला लोटून देतो.’ लोकांना एकदम पटतं. मिसेस चुरींनी तर मैत्रिणींना आणून दाखवलं. दिवाळीच्या सुट्टीत इथल्या शाळेतल्या बाई पूर्ण वर्ग घेऊन येणार आहेत. हेच सांगीन म्हणते.

तुझी
आई


वाशी,
२९ ऑक्टोबर १९८३

माझी वैजू,

तुझं जाडजूड पाकीट आज सकाळी आलं. पोस्टमनने दुकानाच्या दारातच म्हटलं, “काकू, ह्यात काय पुस्तक आहे का?” माझी खुशाली वगैरे आज राहू दे.

पहिलंच वाक्य वाचून मी एवढी हसले की गंगाराम धावत आला. ‘आई, तो पुठ्ठा आधी उतरव!!’ दोन उद्गारचिन्हं. उतरवला बाई. तुझं पत्र हातात असतानाच उतरवला. तो मी मुद्दाम लिहिला होता का, हे मला विचारू नकोस. मुलांसमोर चुकीचं फिजिक्स सांगितलं जातंय हे कळल्यावर तू गप्प बसशील असं मला कधीच वाटलं नव्हतं, एवढं कबूल करते.

तुझं लिहिणं मी वहीत उतरवून घेतलं. बरोबर समजलं का बघ. चेंडू भिंतीवर आपटून परत आला तर भिंतीला जास्त धक्का बसतो, चिखलात रुतून राहिला तर कमी. प्रकाश चकचकीत बाजूवरून परत फिरतो आणि काळ्या बाजूत मुरतो. म्हणजे प्रकाशच ढकलत असता तर चक्की उलटी फिरली असती. खोक्यावरचं चूक, माझं त्याहून चूक. खरी गोष्ट अशी की त्या गोळ्यातली हवा जवळजवळ सगळी काढलेली असते, पण पूर्ण नाही. काळी बाजू उन्हाने जास्त तापते, आणि उरलेली जराशी हवा थंड बाजूकडून कडेवरून तापलेल्या बाजूकडे सरकते आणि तिला लोटते. हवा जास्त असली तर चक्की अडते, आणि अजिबात नसली तर हवेचा हा धक्का राहतच नाही. हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. गोजरालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तुमची पोर लय हुशार हाय. तिला सांगा, मी कुकू लावाची नाय आता.”

पत्र पोस्टात टाकायला तू स्वतः चालत गेलीस, आणि जाताना कॉलेजवरून गेलीस हे वाचून मला फार बरं वाटलं. प्राचार्यांना हो म्हणावंसं वाटतं, पण पहिल्या दिवशी मुली आणि स्टाफरूममधल्या बायका ‘काय झालं, मुलगा की मुलगी?’ विचारतील, तेव्हा तोंडातून काय निघेल याची भीती वाटते, असं लिहितेस. भीती वाटणारच. पण मला वाटतं, सांगायचं. मुलगी झाली होती आणि गेली. एवढंच म्हणायचं आणि हजेरी घ्यायला लागायचं. ज्यांना पुढे काय बोलावं कळणार नाही, त्यांची काळजी तू करू नकोस.

आता शेवटच्या पानावरची तुझी ओळ. इतक्या बारीक अक्षरात लिहिली आहेस की मी चष्मा काढून, कागद डोळ्यांशी धरून वाचली. ‘आई, तिला कुणी घेतलं होतं का? तू पाहिलंस?’

हो, पाहिलं. मीच घेतलं होतं.

नर्स म्हणाली, आजी, तुम्ही नका बघू, मनात राहील. मी म्हटलं, राहू दे. सकाळचं ऊन व्हरांड्यात आलं होतं. तिथल्या बाकावर मी तिला मांडीवर घेऊन बसले. तू शिवलेल्या पिवळ्या दुपट्यात गुंडाळली होती. वजनाला चांगली भरलेली होती गं, पूर्ण वाढलेली. केस दाट आणि काळेभोर, मानेवरही थोडे. कपाळ तुझ्या बाबांचं, रुंद. कानाच्या पाळ्या जयप्रकाशरावांसारख्या, चिकटलेल्या. उजवी मूठ मिटलेली होती. मी तिची बोटं एकेक करून उघडली. नखं वाढलेली होती, कापायला हवी होती. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता. झोपेत ओठ जरा उघडे ठेवतेस ना तू, तसेच तिचे होते.

मला त्या वेळी आपली एकही अंगाई आठवेना. कॉन्व्हेंटमध्ये रोज प्रेअरला म्हणायचो ते इंग्रजी गाणं तेवढं आठवलं, तेच हळू आवाजात म्हटलं. जयप्रकाशराव तिथे आले तेव्हा मी ते म्हणतच होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही. त्यांनी तुला हे कधी सांगितलं नसेल. आज संध्याकाळी त्यांना विचार. ते तुला सांगायची वाट बघत असतील, आणि त्यांना सुरुवात कुठून करावी ते कळत नसेल.

म्हणजे तिला पाहिलेली माणसं दोन आहेत, आणि दोन्ही तुझी आहेत. तुला हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा विचार. आम्ही सांगू. दिवाळीला दोघं या, आणि पाडवा करून जा म्हणजे कॉलेजच्या आधी घडी बसवायला वेळ मिळेल. शाळेची मुलं भाऊबीजेनंतर येणार आहेत. तू थांबलीस तर चक्की तूच समजावून सांग, नाहीतर मी वहीतून वाचेन.

तिचं नाव काय ठेवणार होतीस ते मला सांगशील का? तू मनात एक ठरवलं होतंस, मला माहीत आहे. मला ते म्हणून बघायचंय.

तुझी आई,
आणि तिची आजी