कोपऱ्यातली जागा

२७ मार्च, गुरुवार

काल मायले माती दिली. एक्याण्णव वर्षांची होती. रडायचं काय त्यात! वाशीमच्या चर्चमधल्या बाया माझ्याकडे टकामका पाहत होत्या — एकुलती एक लेक अन् डोळा कोरडा. पाहा म्हटलं.

तिच्या बायबलात चिठ्ठी सापडली. ‘मला कोपऱ्यात लिंबाखाली ठेवावे. ह्यांच्याजवळ नको.’ ह्यांच्याजवळ म्हणजे माझ्या बापाजवळ! त्याच्या बाजूची जागा तीस वर्षं हिच्यासाठी राखलेली. जन्मभर नवऱ्याचं केलं अन् मेल्यावर फारकत? लोक काय म्हणतील! चिठ्ठी पोलक्यात खुपसली. पाळकसाहेबाले दाखवली नाही. बापाजवळच ठेवली तिले.

३० मार्च, रविवार

नात सपना मागं लागली, “आजी, पणजीचं लिहून ठेव ना.” चौथी शिकलेली मी. लिहिते.

माय मिशनच्या दवाखान्यात आया होती. पहाटे चारले गुडघ्यावर. जेवणाआधीची प्रार्थना एवढी लांब की भाकर थंडी होऊन जाय. “तुह्या देवाले गरम भाकर चालत नाई का?” म्हटलं तर कान पिळला.

पण खोटं — कधीच नाही. एकदा एसटीत कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट फाडलं. ही उठली. “पुरं द्या. काल बारा भरले तिले.” पुऱ्याले पैसे नव्हते. उतरवलं आम्हाले. दोन कोस पायी, उन्हात! मी तिले साऱ्या रस्त्यानं शिव्या दिल्या. ती भजन म्हणत चालली होती.

मी इंद्रभानसोबत पळून गेली, शेलूबाजारले, हिंदूच्या घरात — तरी बोलली नाही. “मी प्रार्थना करीन,” एवढंच. त्यापेक्षा दोन थापडा मारल्या असत्या तर परवडलं असतं.

८ एप्रिल, मंगळवार

चिठ्ठी डोक्यातून जाईना. बापानं असं काय केलं होतं तिले?

१९ एप्रिल, शनिवार

 

उद्या ईस्टर. आदल्या दिवशी कबरी चुन्यानं रंगवतात. मायचं काम, आता माझं. बापाची रंगवली, मायची माती अजून ओली, म्हणून बादली उचलली. राखणदार रामधन म्हणे, “बाई, दुसरी राह्यली ना. तुमची माय केशरबाई दरसाल दोन रंगवे.”

“दुसरी कोनाची?”

त्यानं कोपऱ्यात नेलं. लिंबाखाली. हातभर ढिगारा, मागच्या सालचा चुना अजून चिकटलेला. बाजूले एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी.

“नातवाची म्हने.”

नातवाची? मायले मी एकटी. माझी दोन्ही पोरं जिवंत. एकच गेलं — पहिलं, तीन दिवसांचं, मिशनच्या दवाखान्यात. पण ते तर आमच्या वावरात आहे! मी खाटेवर पडली होती तेव्हा सासूनं, गोजराबाईनं सांगितलं होतं — बांधावर, बोरीखाली पुरलं. एकोणपन्नास वर्षं दर दिवाळीले मी तिथं पणती लावली.

पाळकसाहेबानं जुनं रजिस्टर काढलं. जुलै १९७६. बाप्तिस्मा अन् दफन, एकाच दिवशी. आईचं नाव — विजयमाला. म्हणजे मी!

बाळाचं नाव — शमुवेल.

नाव होतं त्याले! आम्ही तर ठेवलंच नव्हतं. बारशाच्या आधीच गेलं.

बादली तिथंच राहिली.

२० एप्रिल, रविवार

इंद्रभानले धरलं. नवरा माझा, ऐंशीचा झाला, खाटेवर बसून चहा पिऊन राह्यला होता.

“तुमाले माईत होतं?”

कप खाली ठेवला. “होतं.”

“अन् सांगितलं नाई!”

“तुह्या मायनं मरत्या पोराले पाळकाकडून बाप्तिस्मा देववला. माह्या मायनं थयथयाट केला. म्हने, बाटलेलं पोर माह्या वावरात नको. तुमीच पुरा. पन सुनेच्या कानावर गेलं अन् ते तिकडं कबरीवर जाऊ लागली, तर सुनेलेही घरात घेनार नाई. तुही माय हात जोडून म्हने — लेकीचा संसार मोडू नका. देवाले काय सांगायचं ते मी सांगीन.”

“अन् तुमी माह्यासंगं पणती लावाले येत होते!”

“मंग काय करू? तू रडत जाय.”

एसटीत खोटं न बोलणारी बाई! माझ्यासाठी एकोणपन्नास वर्षं खोटं वागली. मरताना एक गोष्ट मागितली, नातवाजवळ निजायची — अन् मी चिठ्ठी पोलक्यात खुपसली.

२२ एप्रिल, मंगळवार

पाळकसाहेब म्हणे, मायले आता हलवता येत नाही. म्हटलं, मग कोपऱ्यातली जागा माझ्या नावावर लिहा.

“पण तुमच्या घरी तर जाळतात ना, बाई?”

“जाळतात. मले पुरा.”

घरी आल्यावर इंद्रभान म्हणे, “अन् मी?”

“तुमी बांधावर जा. बोरीखाली. पणती लावून देतील पोरं.”