पूर्वेची कमान

१२ ऑक्टोबर १९८८

माप जुळत नाही. तीनदा घेतलं. मंडपाच्या दोन कर्णांत अकरा सेंटिमीटरचा फरक येतोय. म्हणजे एक तर आठशे वर्षांपूर्वीचे गवंडी चुकले, किंवा भिंत सरकलीय, किंवा मी चुकतेय.

मठातलं बाकी सगळं गेलंय. चर्चचा घुमट कधीच खाली आला, भिक्षूंच्या खोल्यांचे नुसते पाये उरलेत. उभा आहे तो हा मंडप. आत एकही खांब नाही. दोन कमानी उभ्या, दोन आडव्या, एकमेकींना छेदून गेलेल्या – आणि चौघींच्या खांद्यावर सगळं छत. मधोमध आभाळाला उघडा झरोका. पूर्वेच्या कमानीत, माथ्यावरच्या कळीच्या दगडाशेजारी, बोट जाईल एवढी भेग.

आणि नेमकी त्या भेगेखाली सानाम आजीची खाट.

१३ ऑक्टोबर

भेगेवर प्लास्टरच्या दोन पट्ट्या बसवल्या. भेग हलली तर पट्टी तडकेल.

आजी खालून शिडी धरून उभी होती. तिचा नवरा इथला राखणदार. तो गेल्यावरही ती इथेच राहिली, चौतीस वर्षं झाली. भिंतीला वाळत घातलेल्या रानचुक्याच्या पाल्याच्या वेण्या टांगलेल्या, कोपऱ्यात चूल, झरोक्यातून धूर वर. म्हटलं, "आजी, हे डोक्यावर पडलं तर?"

"पडायचं असतं तर माझ्या सासूवर पडलं असतं, पोरी. कुणी रडलंही नसतं."

हसले. पण झोप लागली नाही.

२० ऑक्टोबर

येरेवानहून स्मारक खात्याच्या साहेबांचा फोन. "अर्पेनिक, हिवाळ्याआधी कागद हवा. सुरक्षित की धोकादायक – एका शब्दाचं काम आहे."

एका शब्दाचं!

दोन वर्षांपूर्वी मी असाच एक शब्द लिहिला होता. एका जुन्या कारवान-सराईला 'सुरक्षित'. चार महिन्यांनी तिथलं छत एका मेंढपाळाच्या पायावर आलं. कुणी मला बोललं नाही. तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघते.

२७ ऑक्टोबर

एक पट्टी तडकलीय. दुसरी शाबूत. थंडीनं प्लास्टर आपोआपही तडकतं. तडकतं का? दिवसभर शिडीवर चढउतर केली. काही कळत नाही.

संध्याकाळी आजीची मुलगी क्नारिक लेनिनाकान शहरातून आली. तिला नवीन इमारतीत घर मिळालंय, पाचवा मजला, नळाला गरम पाणी. मला बाहेर ओढत म्हणाली, "ताई, लिहून टाका ना धोकादायक. माझं ऐकत नाही ती. सरकारचं ऐकेल."

३ नोव्हेंबर

लिहिलं. 'राहण्यास धोकादायक.' सही केली.

१२ नोव्हेंबर

आजी लेनिनाकानला गेली. कोंबड्या गावात वाटल्या. भांडीकुंडी, गाद्या ट्रकमध्ये. रडली नाही. जाताना मंडपाच्या दाराचा दगड हातानं पुसला, जसं कुणी जेवणाआधी पाट पुसतं.

२५ नोव्हेंबर

लेनिनाकानला काम होतं. जाऊ नये म्हणत म्हणत गेलेच.

आजी खिडकीशी बसलेली. "इथे छत हाताला लागतं," म्हणाली. "वर कुणी खुर्ची सरकवली तरी कळतं. तिकडे डोक्यावर कबुतरं, नाहीतर देव." क्नारिक आतून ओरडली, "आणि गुडघे कुणी धरून बसायचं थंडीत?" आजीनं माझ्यापुढे गाता, लोण्याचा गोड पाव, ठेवला, अजून गरम होता.

मग विचारलं, "भेग वाढली?"

"नाही, आजी."

"मग?"

गाता तसाच ताटलीत ठेवून उठले.

२ डिसेंबर

पुन्हा मंडपात. या वेळी कमानीच्या पाठीवर, छतावर चढले. आधीच चढायला हवं होतं. भेगेच्या आत चुना आहे. जुना, दगडासारखा कडक, वर शेवाळाचे थर. कुणीतरी ती कित्येक शतकांपूर्वी भरलीय. भेग कमान बांधली तेव्हाचीच! माझी पट्टी थंडीनंच तडकली होती. नवा दगड भारानं बसला, गवंड्यांनी पाहिलं, भरलं आणि पुढे गेले. चारही कमानी आपापलं ओझं एकमेकींवर टाकून निवांत उभ्या आहेत. अकरा सेंटिमीटरही त्यांचेच. जमीन तिरकी होती, त्यांनी मंडप तिरका घेतला.

मला चुना बघायचा नव्हता. मला मेंढपाळाचा पाय दिसत होता.

५ डिसेंबर

नवा अहवाल दिला. साहेब म्हणाले, "एका महिन्यात दोन मतं? वसंतात बघू." म्हटलं, बघा वसंतात, मी तिला रविवारी घेऊन येते. क्नारिकला फोन केला. ती आधी चिडली. मग म्हणाली, "सांगते तिला. आज बऱ्याच दिवसांनी जेवेल."

किती दिवसांनी आज हलकं वाटतंय.

७ डिसेंबर

सकाळी अकरा एक्केचाळीस. येरेवानमध्ये कपाटं हलली, दिव्याची हंडी फुटली. लेनिनाकानचा फोन लागत नाही.

फोन लागत नाही.

१० डिसेंबर

क्नारिकच्या रस्त्यावर पोहोचले. पाच मजले माझ्या छातीएवढे.

क्नारिक ढिगाऱ्यासमोर पोत्यावर बसली होती. त्या वेळी ती पावाच्या रांगेत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "सोमवारीच बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं तिनं."

शेजारी बसले. दुसरं काय करणार.

१८ डिसेंबर

मठाखालच्या गावात एकही घर उभं नाही. मंडपाचा एक दगडही ढळला नाही. एकशे चार माणसं तिथे राहायला गेलीत. वरून दाखला मागितला होता. 'राहण्यास सुरक्षित' लिहून सही केली. या वेळी कुणी घाई केली नव्हती.