पितरांचे आंबे आणि पटकीचा हुकूम

॥ श्री ॥

तीर्थरूप वामनरावदाजींच्या पायी निवृत्तीचा दंडवत. तुमचा दमा आणि कौशल्याअक्काचा गुडघा या उन्हाळ्यात तरी शांत असोत, असे देवाजवळ मागून पुढे लिहितो.

परवा दिवस उगवायच्या आधी मी तांब्या घेऊन नाल्याकडे गेलो. (असले पत्रात लिहू नये, पण पुढचे सगळे त्यावरच आहे.) घरी येऊन टेकतो न टेकतो तोच परत गेलो, मग पुन्हा. आता पटकी हा रोग सरकारच्या यादीतला. कोणाला जुलाब लागले तर शेजाऱ्याने पोलीस पाटलाला वर्दी द्यावी, रोग्याला गावाबाहेरच्या छपरात ठेवावे आणि पटकीचा एकही रोगी निघाला तर जत्रा बंद, असा नागपूरचा हुकूम. पोलीस पाटील मीच, तेव्हा आदल्या दिवशी दवंडीही मीच पिटवलेली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या म्हसोबाची जत्रा. बांगडीवाले, हलवाई गाड्या सोडून बसलेले. त्यांची वर्षाची मीठमिरची याच जत्रेवर.

इतक्यात शेजारचा रंगराव ओट्यापुढे हात जोडून उभा.

"पाटील, वर्दी द्याची हाय."

"कोनाची बे?"

"तुमचीच. पहाटेपासून तुमचा तांब्याच पाहून राह्यलो."

जत्रेच्या बंदोबस्ताला लोणारहून आलेले डॉक्टरसाहेब धावत आले, मागे अख्खे गाव. काय खाल्ले म्हणून विचारताच आमची मंडळी आतून ओरडली, "दहीभात! दुसरं काईच नाई!" साहेबांनी जत्रा बंदीचा कागद काढला. पाक चुलीवर सोडून आलेला हलवाई तिथेच मटकन बसला.

दाजी, अक्षय्य तृतीयेला पितरांपुढे ठेवायला तुम्ही आंब्यांची पाटी धाडली होती ना? पितरांना दाखवल्याशिवाय आमच्याकडे आंब्याला तोंड लावत नाहीत, आणि गावाला हे सांगणाराही मीच. आदल्या दुपारी घर निजलेले असताना मी नुसता वास घ्यायला गेलो, तो हात पाटीच्या तळाला लागला.

पटकी म्हटले तर जत्रा बुडते, आंबे म्हटले तर मी बुडतो. म्हसोबाचे नाव घेतले आणि सांगून टाकले.

"पितरायचे?" मंडळींनी कपाळावर हात मारला. "अवं माय, पितरायचे?"

साहेब हसले. म्हणाले, आंब्याचे जुलाब सरकारच्या यादीत नाहीत, जत्रा भरू द्या. मात्र खात्री होईपर्यंत रोगी छपरातच हवा. मग हळूच म्हणाले, "तुम्ही पाटील. घरीच पडून राहा, मी पाहिलं नाही."

आपला,
निवृत्ती

ता. क. मंडळींनी अबोला धरला आहे. अक्काला मिळेल त्या गाडीने समजूत घालायला धाडा, पत्र एवढ्यासाठीच.

ता. क. आणखी. हे पत्र वाचण्याआधी उन्हात चांगले तापवून घ्यावे. आणि अक्काने मला घरी शोधू नये. साहेबांची पाठ वळताच रंगराव म्हणाला, "गरिबाले छप्पर अन् पाटलाले ओटा, असं काऊन?" मी आत जाऊन वळकटी बांधली. जत्रेचे ढोल इथे ऐकू येतात, दिसत मात्र काही नाही. परवाच वळकटी काखेत मारून मी छपरात येऊन बसलो, आणि रंगरावाला सांगून बाहेरून कडी घालून घेतली.