तीनदा बंद पडलेला डबा

दि. ४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

ताईचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे. तिकडेही बरंच असणार, नसतं तर तुझ्या बायकोचा फोन आला असता. तुझा येणार नाही हे मला ठाऊक आहे.

रंगवाला सोमवारी येतो म्हणालाय, म्हणजे गुरुवारी उगवेल. तोवर माळा रिकामा करायला घेतला, तर चादरीत गुंडाळलेला तुझा कॉम्प्युटर सापडला, कीबोर्डच्याच डब्यात सगळं असलेला तो जुना. तुला फोन केला, तर काय म्हणालास? "भंगारात दे, ताई. माझ्या हातचं काही चालत नसतं." आणि ठेवलास फोन! अरे, समोरच्याचं बोलणं पुरं तरी होऊ द्यावं. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र मध्येच कापता येत नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या बायकोकडून कळली. डेपोत तिकिटांची यंत्रं दुरुस्त करायला वेगळं टेबल लावताहेत, साहेबाने आपणहून तुला विचारलं, आणि तू नाही म्हणालास. का, तर हाताला जमत नाही. चौतीस वर्षं त्या खिडकीत बसून "पुढे व्हा, पुढे व्हा" करतो आहेस, कंटाळा नाही का रे आला? महिनाअखेरपर्यंत नाव देता येतं म्हणे. मुकाट्याने दे.

डबा भंगारात दिलेला नाही. उघडला. मी चौथी पास, पण पंख्यांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरण्यात केस पांढरे झालेत. वीज कुठे अडते ते मला पुस्तकात बघावं लागत नाही. कीबोर्डच्या पोटातलं सर्किट तुझं तू जाण, पण त्याला वीज देणारा तो विटेएवढा ठोकळा, तो माझ्या ओळखीचा.

आधी तर मेलेलाच होता. वायर उंदराने कुरतडलेली, ती बदलली. दिवा लागला आणि गेला. मीटर लावला तर ठोकळा नुसता असताना पाच व्होल्ट दाखवतो, डबा जोडला की तीनवर बसतो. म्हणजे काम सांगेपर्यंत ठणठणीत. मी तुझ्या दाजींना म्हटलं, "हा तुमच्यावर गेलाय." तर म्हणतात, "मग त्याला आधी चहा दे."

आतला कॅपॅसिटर फुगलेला निघाला, बुड ओलं. दुकानात गेले तर दुकानदार म्हणतो, "मावशी, मिक्सरचा हवाय का?" म्हटलं, मिक्सरचा हवा असता तर मिक्सरचा म्हटलं नसतं का? तीन दुकानं फिरवली मेल्यांनी. शेवटी मिळाला, तोही तेवढ्याच मापाचा. तो बसवला आणि डबा जुन्या टीव्हीला लावला. लागला! पडद्यावर तो चौकोन लुकलुकायला लागला तेव्हा दाजी पेपर टाकून बघायला आले.

पण मध्येच आपोआप बंद पडतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. टेबलावर एका बाजूला तो, एका बाजूला माझं तार गुंडाळायचं यंत्र, माझी कामंही चालू आहेत. जमेल तसं बघते. नाव दिलंस का ते कळव.

तुझी ताई


दि. १७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "कशाला त्रास घेतेस, जोड माझाच कच्चा असणार. तेव्हाही तोच होता." आणि नावाबद्दल एक अक्षर नाही. कार्ड वाचून इतका संताप आला की दाजींच्या ताटात आमटीऐवजी ताक ओतलं.

तुझा सोल्डरचा जोड बघितला. ठोकळ्यातला रेग्युलेटर जळला तेव्हा तू नवा बसवला होतास, तो तापू नये म्हणून त्याच्या पाठीला बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापून पत्रा लावला होतास, तोच. तिन्ही पाय भिंगाखाली बघितले. लाकडी काडीने हलवले. मीटर लावून हलवले. गरम झाल्यावर पुन्हा बघितले. बारक्या, तसा जोड मला आजही येत नाही.

आता लिहायचं ते लिहिते. तीन दिवस हा कागद पुढे घेऊन बसले आहे.

तुला माहीत आहे तेवढं आधी. तो रविवार. ग्रंथपाल घरी आले होते. पुस्तकाचं नाव टाकलं की कपाट सांगणारा तुझा प्रोग्रॅम त्यांना बघायचा होता, आवडला तर वाचनालयात तुला घेणार होते. त्यांच्यासमोर डबा तीनदा बंद पडला. ते म्हणाले, "अजून शिक, बाळ," आणि गेले. तू सोल्डरिंगची कांडी त्या संध्याकाळीच कुणाला तरी देऊन टाकलीस.

माहीत नाही ते हे. मागच्या पत्रात मी "आपोआप" लिहिलं, ते खोटं. आपोआप काही बंद पडत नाही. माझ्या यंत्राचा पायडल दाबला की मोटार उचल घेते, घरातल्या लाइनचे व्होल्ट क्षणभर बसतात आणि तुझा डबा जातो. त्या रविवारी आतल्या खोलीत मी याच यंत्रावर होते. आप्पांनी बंद ठेव म्हटलं होतं. पाय सवयीने पडला. दारातून मला टीव्ही काळा झालेला दिसला. ते पहिल्यांदा. देवाशपथ चुकून.

तू पुन्हा कॅसेट लावलीस. तिच्यावरून प्रोग्रॅम डब्यात चढायला दहा मिनिटं. तेवढ्यात मी चहा घेऊन आले, आणि आप्पा त्यांना म्हणाले, "आमच्या घरात एक तरी डोकं निघालं." माझ्या हातात ट्रे होता. चौथीनंतर मला यंत्रावर बसवलं ते तुझी फी भरायला, हे त्या खोलीत कुणाला आठवत नव्हतं. तुलाही नाही. तू कॅसेटकडे बघत होतास.

आत गेले आणि पायडल दाबला. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा माझा पाय होता. तू ठोकळा उघडून स्वतःच्या जोडाकडे बघत बसलास, तेव्हा मी तार गुंडाळत होते. सांगणार होते. उद्या सांगू म्हटलं. मग तुला डेपोत चिकटवलं, मग सगळे म्हणायला लागले, बारक्याच्या हाताला नाही जमत. मीही म्हटलं असेन. चौतीस वर्षांत मला एक दिवस मिळाला नाही, असं कोण मानेल?

काल तिप्पट मोठा कॅपॅसिटर बसवला. लाइन बसली तरी तो तेवढा वेळ डब्याला धरून ठेवतो. मग पायडल दाबला. पुन्हा दाबला. वीसेक वेळा दाबला असेल. दाजी म्हणाले, "अगं, मोटार जाळशील." डबा हलला नाही. चौकोन आपला लुकलुकतोय.

एवढंच कमी होतं, बारक्या. एक जाड कॅपॅसिटर, आणि एक बहीण जी खरं बोलेल.

माफ कर असं लिहीत नाही. तो तुझा प्रश्न, हवा तेवढा वेळ घे, हवं तर बोलू नकोस, तशीही तुला सवय आहे. पण टेबलाला वेळ नाही. अठ्ठावीसला मुदत संपते. उद्या सकाळी साहेबाकडे जा आणि नाव दे. विचारलं, आधी काही दुरुस्त केलंय का, तर सांग, केलंय, चौतीस वर्षांपूर्वी, अजून चालतंय.

ठोकळ्यात सगळं बदललं. तुझ्या जोडाला हात लावला नाही.

पाय आवरता न आलेली,
तुझी ताई