राहिलेली अर्धी गोष्ट

माशांचा तळ, कोयुकुक नदी
१८ जुलै १९७६

रेडिओवर गाजलेल्या हेस्टरबाईंस,

स. न. वि. वि.

तुझी गोष्ट ऐकली. नदीच्या दोन्ही काठांनी ऐकली. आमच्या वॉरेनदादाने रेडिओ झाडाला टांगला होता, बायका सुऱ्या खाली ठेवून बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे माझी आत्या, म्हणजे तुझी आई. मुलगी फेअरबँक्स शहरातल्या जत्रेत बोलणार म्हणून डोक्याला नवा रुमाल बांधला होता. तुझं पहिलं वाक्य झालं आणि तिने तो सोडून खिशात घातला.

अगं, जुलैत? या गोष्टी बर्फ पडल्यावर सांगायच्या हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा ज्याच्याबद्दल बोलायचं तो झोपलेला असतो. तू तो टक्क जागा असताना, माइकवरून, त्याचं नाव घेतलंस. बाईमाणसाने ‘तो मोठा’ म्हणावं, फार तर ‘काळा’. तू शेजाऱ्याला बोलवावं तशी दर वाक्याला हाक मारत होतीस. आत्या म्हणाली, बंद कर ते. वॉरेनला बटण सापडेपर्यंत तू आणखी दोनदा हाका मारल्यास.

बोलावलं की पाहुणा येतोच. परवा आला. मासे टांगायच्या धुरीच्या झोपडीची मागची भिंत काढून बाजूला ठेवली आणि आत्याचे थंडीसाठी वाळवलेले सगळे मासे सावकाश बसून खाल्ले. शेजारच्या एडिथच्या झोपडीला नखही लावलं नाही. ती आता सांगत सुटलीये की तिच्या मुली ऑफिसात जात नाहीत, म्हणून तिचे मासे जागेवर आहेत.

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की राहिलेली अर्धी गोष्ट ती आता स्वतःबरोबर नेईल. डॉक्टर येऊन गेला, तिचं हृदय थकलंय म्हणाला. ही गोष्ट आईकडून मुलीकडेच जाते. मी पडले भावाची मुलगी, दुसऱ्या कुळाची, माझ्या कानांचा काय उपयोग? तेव्हा तू बघ.

लोभ होता, पण तोही माशांबरोबर खाल्ला गेला.

तुझी मामेबहीण
लविना

फेअरबँक्स
२७ जुलै

नदीकाठच्या न्यायाधीशीणबाई लविना यांस,

स. न. वि. वि.

अस्वल. अस्वल, अस्वल, अस्वल. घे, लिहिलं. आता खिडकीत उभी राहून वाट बघते. इथे फार तर पोस्टमन येईल.

ती भिंत कुजली होती, हे मी मागच्या उन्हाळ्यातच वॉरेनला सांगितलं होतं. तो ‘करतो’ म्हणाला. त्याचं ‘करतो’ म्हणजे काय ते तुला माहीत आहे, तुझाच भाऊ. आमंत्रण माझ्या तोंडून गेलं नाही, फटीतून गेलं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या ते नाही लिहिलंस. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. जत्रा उन्हाळ्यात भरते त्याला मी काय करू? उणे पन्नासमध्ये मैदानात कोण खुर्च्या मांडणार?

अर्धीच का येते म्हणून हसू नकोस. आई ती थंडीच्या थंडी, तुकड्या-तुकड्याने सांगायची. निम्म्यावर आली आणि सरकारी निवासी शाळेचं विमान मला घेऊन गेलं. परतले तेव्हा आपली भाषा जिभेवर जड झाली होती आणि इंग्रजीत सांगायला ती तयार नव्हती. मग मीही मागितली नाही. आता जत्रेवाल्यांनी फेब्रुवारीत मोठ्या सभागृहात सगळी गोष्ट सांगायला बोलावलंय आणि मी हो म्हणून बसलेय.

पण फेब्रुवारी राहू दे. मला ती गोष्ट हवी आहे, लविना. आईची म्हणून हवी आहे. काय केलं तर देईल, विचार ना. तू विचारलंस तर बोलेल. मी काहीही विचारलं की ती चहा ठेवते.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस, मला उत्तर हवंय.

हेस्टर

माशांचा तळ
६ ऑगस्ट

अस्वलांची लाडकी हेस्टर हिस,

बघ, तुझ्यामुळे मलाही लिहावं लागलं. स. न. वि. वि.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला मला असा खोकला आला की एडिथ पाणी घेऊन धावली. आत्याने विचारलं, एवढं काय लिहिलंय? मी म्हटलं, हवापाण्याचं आहे.

मग तुझा प्रश्न विचारला. तिने चहा ठेवला नाही, पण सरळ उत्तरही दिलं नाही. म्हणाली, गोष्ट नाही सांगत, उन्हाळा आहे, बातमी सांगते. एका बाईला अर्धी होडी मिळाली. ती तीच घेऊन नदीत उतरली आणि काठावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. मी विचारलं, पुढे? आत्या म्हणाली, पुढे कुठलं, बुडली.

मग म्हणाली, आता लिही. तिला तिचे मासे परत हवेत. पैसे नकोत, दुकानातले डबे नकोत, दुसऱ्या कुणाच्या हातचेही नकोत. तू कापलेले, तू टांगलेले, तू धूर दिलेले हवेत. झोपडी भरली तर बर्फ पडेपर्यंत टिकायचा प्रयत्न ती करेल.

माझ्याकडून एवढंच की नखं कापून ये. मागे तू मासा कापला होतास तेव्हा कुत्रेसुद्धा एकमेकांकडे बघत होते.

थोडा लोभ शिल्लक निघाला आहे, तो येऊन घेऊन जा.

लविना

फेअरबँक्स
१२ ऑगस्ट

लविनाबाई, स. न. वि. वि.

नखं कापली. रजा मागितली. साहेबांनी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, थंडी संपेपर्यंत. त्यांना विनोद वाटला, फार हसले. मी टेबल आवरायला लागले तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

शनिवारच्या विमानाने येते. वॉरेनला म्हणावं, भिंत.

हेस्टर

हेस्टरची खोली, फेअरबँक्स
२१ नोव्हेंबर

मच्छीमारीणबाई हेस्टर हिस,

स. न. वि. वि.

माझ्या कोराचे दिवस भरत आलेत, डॉक्टर अजून थांबा म्हणतात, म्हणून आम्ही मायलेकी तुझ्या खोलीत. काय गं ही खोली! वरचा माणूस चालतो तेव्हा आमचा चहा हलतो, आणि तुझ्या फ्रीजमध्ये नुसती मोहरीची बाटली. यासाठी गाव सोडलं होतंस?

ऑगस्टमध्ये तू कापलेले मासे आत्या सरळ कुत्र्यांपुढे टाकायची आणि मी पोट धरून हसायचे, त्याची माफी मागणार नाही. आतेबहिणीला हसायचं नाही तर कुणाला? पण सप्टेंबरात तिने तुझा एक मासा उजेडात धरला, उलटसुलट बघितला आणि परत दांडीवर टांगला, तेही मी पाहिलं. तू पाठमोरी होतीस. सांगायचं राहून गेलं होतं.

जत्रेवाला दारात येऊन गेला. जाहिरात छापायची म्हणतो. त्याला काय सांगू? बर्फ पडलं असेलच. आत्या जेवते का? तिने सुरुवात केली का? लगेच लिही, इथे मला टोमणे मारायला कोणी नाही.

लोभ आहेच, इथल्या एकटेपणाने जरा वाढलाही आहे.

लविना

गाव, कोयुकुक नदी
९ जानेवारी १९७७

प्रिय लविना,

स. न. वि. वि.

विमानतळावरच्या माणसाकरवी निरोप मिळाला असेल. आई गेली. जमीन दगड झाली होती, कबर खणायला शेकोटी पेटवून ती मऊ करावी लागली. हे तुमच्या कुळाचं काम, ते वॉरेनने केलं आणि ‘करतो’ असं एकदाही म्हणाला नाही. एडिथने निरोपाच्या जेवणासाठी मासा आणि चरबी फेटून आपल्याकडचं ते आइस्क्रीम मोठं पातेलंभर केलं. साखर कमी होती. तू असतीस तर बोलली असतीस, म्हणून मी बोलले.

कोराला मुलगी झाल्याचं कळलं. आईलाही सांगता आलं. ती म्हणाली, लविनासारखी बडबडी निघेल.

जत्रेवाल्याला सांग, जाहिरात छापू नकोस. गोष्ट पुरी झाली, पण ती सभागृहात जाणार नाही. मला मुलगी नाही, मग ती पुढे कोणाची, हे तू विचारशीलच. मलाही माहीत नाही. त्या विचाराने माझी झोप उडालीये, तू तुझी उडवू नकोस.

आता ऐक. बर्फ पडल्यावर आईने अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. मी म्हटलं, अर्धी मला येते. ती म्हणाली, “येत नाही. आठवते.” ती सांगायची, मग मी तेच परत सांगायचं. चुकलं की ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मी पुन्हा मागून यायचे. माझी जीभ अडखळली की ती कधी शब्द सुचवायची नाही, वाट बघायची. खरं सांगते, लविना, एवढी वर्षं ती माझ्यावर रुसली होती असं मी समजत होते. ती वाट बघत होती.

त्या दिवशी दुपारीच अंधार पडला होता आणि मी पहिल्यांदाच न अडखळता शेवटाकडे निघाले होते. तुला माहीत आहे, ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणत राहायचं आणि ‘हं’ थांबला की सांगणारीने थांबायचं. गोष्टीतली ती बाई सगळी थंडी एकटीने काढते, उपाशी चालते, आणि एके दिवशी तिला लांबून आपल्या माणसांच्या चुलीचा धूर दिसतो. तिथपर्यंत आईचा ‘हं’ येत होता. मग नाही आला.

मी वळून बघितलं नाही. मला कळलं होतं. पण त्या बाईला असं घरापासून लांब, बर्फात उभं करून मी कशी थांबणार? मी सांगत राहिले. तिला टेकडीवरून उतरवलं, नदी ओलांडून नेली, तिच्या आईच्या दाराशी पोचवलं, आत घेतलं, जेवायला वाढलं. आणि मग उठून दिवा लावला.

नातीला घेऊन लवकर ये. लोभ आहे तो तसाच राहू दे, आता मला तेवढाच आहे.

तुझी आतेबहीण
हेस्टर