रेफरीचे तेरा किलो

३ फेब्रुवारी, सोमवार
जिल्हा संघटनेचं पत्र. १५ मार्चला सगळ्या रेफरींची फिटनेस टेस्ट. नापास होईल त्याचा बिल्ला परत. बावीस वर्षं मसाका जिल्ह्यात फुटबॉलची शिट्टी वाजवतोय, आणि आता ही मंडळी माझी परीक्षा घेणार. टेस्ट घेणारी नर्स नाकायिमा म्हणाली, सालोंगो, वजनाच्या मागे लागू नका, चरबी उतरवा. अंडी खा, घेवडा खा, रोज पळा. पोरगी माझ्या जुळ्यांच्या वयाची, मला शिकवते! किलो म्हणजे किलो. त्यात चरबी किती आणि मांस किती, हे काटा थोडाच विचारतो?

टॅक्सी स्टँडवर काटा घेऊन बसणाऱ्या मामा किराबोकडे वजन केलं. ९४. बूट काढून ९३. सुरुवात झकास.

९ फेब्रुवारी
मटोके, म्हणजे रोजची उकडलेली हिरवी केळी, बंद. अंडी, घेवडा, मांस बंद. जड पदार्थ. उकडलेला कोबी चालू. बायकोने शेंगदाण्याचं कालवण केलं आणि माझ्यासमोर बसून ओरपलं. जुळी झाल्यापासून गाव तिला नालोंगो म्हणतं, मला सालोंगो. दोन्ही मानाची नावं. घरात मान फक्त तिला.

१७ फेब्रुवारी, सकाळ
८९! ट्रॅकसूटच्या आत साखरेच्या पोत्याचं प्लास्टिक घालून टेकडी चढलो. पाण्याचा थेंब नाही. एका सकाळीत दोन किलो! (पाणी प्यायल्यावर एक परत आला. उद्यापासून पाणी मोजून.)
कातेरेग्गा, आमचा तरुण रेफरी, रोज मैदानावर पळतो आणि चिकन खातो. त्याचं वजन तसूभर हललं नाही. मूर्ख. मी पळणं सोडलं. पळण्याने मांड्या भरतात, आणि भरलेल्या मांड्या वजनदार.

२६ फेब्रुवारी
८५. शर्टाच्या बाह्या ढगळ. मांड्या शाळकरी पोरासारख्या. पट्टा मात्र अजून त्याच भोकावर. चामडं आटलं असणार.
बाजारात लोक थांबून बघतात. खाटीक सेमाकुलाने हळूच विचारलं, बरं आहे ना सगळं? वर अर्धा किलो कलेजी फुकट. जळतात मेले. कलेजी नालोंगोला दिली.

२ मार्च, रविवार
फादरनी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत माझं नाव वाचलं. भर चर्चमध्ये! आमच्याकडे माणूस सुकला की लोकांना एकच रोग आठवतो, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. घरी येताना नालोंगो म्हणाली, चला, रक्त तपासून येऊ. मी म्हणालो, तुझा माझ्यावर विश्वास नाही? ती म्हणाली, आहे म्हणून तर चला म्हणते, नसता तर एकटीच गेले असते. बायकांपुढे तर्क चालत नाही.

५ मार्च
दोघांचं रक्त स्वच्छ. सेमाकुलाला मुद्दाम जाऊन सांगितलं. तो म्हणाला, हो हो सालोंगो, सगळे असंच म्हणतात. पुन्हा कलेजी.

१४ मार्च
८१. तेरा किलो! (बुटांचा एक धरून.) पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे काजवे. शरीराला हलकेपणाची सवय नाही, दुसरं काय. उद्या कातेरेग्गाला धूळ चारणार.

१५ मार्च, दुपार
नाकायिमाने पोटाची, दंडाची, मांडीची कातडी चिमट्यात धरून मोजली. कागदावर आकडेमोड केली. म्हणाली, तेरा किलोंपैकी चरबी जेमतेम तीन. बाकी पाणी आणि मांस. पोट आहे तिथंच आहे सालोंगो, पाय तेवढे गेले. मी म्हणालो, चिमटा बिघडलाय.
मग पळायला लावलं. सहाव्या फेरीला गुडघे टेकले. कातेरेग्गाने काखेत हात घालून उचललं. म्हणाला, किती हलके झालात हो तुम्ही! त्याला बिचाऱ्याला चांगलंच बोलायचं होतं. मी बिल्ला तिथंच काढून दिला.

१८ मार्च
सेक्रेटरी म्हणाले, तुमच्यासारख्या जुन्या माणसाच्या नावापुढे नापास कसं लिहायचं? आजारपणामुळे निवृत्त, असं तुम्हीच लिहून द्या. मी आजारी नाही. पण ढेरीमुळे नापास म्हणवून घेण्यापेक्षा हे बरं. लिहून दिलं. सही सुरेख आली.
नालोंगोने नक्कल वाचली. म्हणाली, दोन आठवडे दारोदार सांगत फिरले, माझा नवरा धडधाकट आहे म्हणून. आज तुम्हीच मला खोटं पाडलंत. मग रडली. मला फार वाईट वाटलं. तिला तसं म्हणालो नाही.

२३ मार्च, रविवार
फायनलला गेलो. प्रेक्षक म्हणून. शिट्टी कातेरेग्गाकडे. त्याने धडधडीत पेनल्टी नाकारली आणि सगळं मैदान उठलं. आंधळा म्हणाले, विकला गेलेला म्हणाले, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. मीही उठून कातेरेग्गाच्या बाजूने ओरडलो, निर्णय बरोबर आहे, गाढवांनो!
आजूबाजूचे एकदम गप्प झाले. एकाने आपली खुर्ची पुढे सरकवली. म्हणाला, बसा सालोंगो, त्रास करून घेऊ नका.
बावीस वर्षं याच लोकांनी मला आईवरून शिव्या दिल्या. आज एकानेही दिली नाही. मी बसलो.