शून्य सांगा

मंगळवार, ता. ९

धाकट्यास ताईचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. तू कोठडीत कसा आहेस ते विचारत नाही, विचारून काय होणार? तुझी बायको जेवते. तुझी होडी काठावर पालथी घातली आहे. गिऱ्हाईकच नाही. रंगाच्या कारखान्याचं पाणी परत सोडलंय, तळं जांभळं झालंय, वासानं डोकं उठतं.

त्या सर्व्हेवाल्या बाईचा जबडा तारांनी बांधलाय. डावा डोळा वाचला तर नशीब. वल्हं तू मारलंस, सगळ्यांनी बघितलं.

आता नीट वाच. तू सासुरवाडीला होतास तेव्हा ती पंधरा दिवस काठावर बसली होती. येईल त्याला विचारायची, कुठून आलात, गाडीभाडं किती गेलं, पाणी स्वच्छ झालं तर किती वेळा याल, किती द्याल? मला वाटलं, झालं, उद्या तिकीट लावणार. आपली रोजी बुडाली. मी सगळ्या होडीवाल्यांना दम भरला, "गिऱ्हाइकाला पढवा. किती द्याल म्हटलं की शून्य सांगा. लांबून आलेल्यानं म्हणायचं, इथंच पलीकडे राहतो."

होडीवाल्यांतला टकल्या म्हणाला, "लांबून फिरायला आलेला माणूस असं म्हणेल का गं?"

"म्हणायला लाव. नाहीतर घरी बसून बायकोच्या शिव्या खा."

तिनं ऐकलं तेच लिहिलं. घाटावरच्या सभेत पालिकेच्या साहेबानं वाचलं, लोकांना या पाण्याची किंमत नाही, म्हणून तळ्याची सफाई रद्द. सगळे होडीवाले माझ्याकडे बघायला लागले. मी घाबरले रे. तिच्याकडे बोट केलं आणि ओरडले, "हिनं पैसे खाऊन खोटं लिहिलं!" केस धरून तिला पाडलं मी, पोटात पहिली लाथ माझी. तुला "हाण" म्हणाले तीही मीच. तिचे दात फरशीवर पडले तेव्हा मला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं.

काल दवाखान्यात गेले. तिला बोलता येत नाही. कागदावर लिहून दिलं, "मी प्रत्येकाला दोनदा विचारलं होतं, खरं सांगताय ना?" मला वाचायला वेळ लागला. ती तेवढा वेळ एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होती.

हे पत्र हवालदाराच्याच हातात देणार आहे, आणि माझा जबाबही. तू सुटणार नाहीस, घाव तुझाच आहे. पण ते शून्य खोटं होतं, हे मी सही करून सांगणार. टकल्या म्हणतो, गप्प बस. त्याला वल्हं दाखवलं.

भेटायला आले तर तोंड फिरवलंस तरी चालेल.

तुझी ताई,
तू म्हणशील तोवर.